आठ आठवड्यांत आचारी

खान्देशातल्या पुरुषाला घरात पाण्याचा पेला हाताने घ्यायला सांगा, तो बायकोकडे बघेल. त्यालाच हिवाळ्यात शेतात न्या, यावल तालुक्यातल्या बामणोदची ती पांढरट-हिरवी जाडजूड वांगी समोर टाका, की हा बाह्या सरसावून पुढे. काड्या पेटवणार तो, वांगी फिरवणार तो, "अजून कच्चं आहे, थांब जरा" म्हणून दरडावणार तो, आणि भरीत ठेचताना शेजारच्याच्या हातातलं मुसळ ओढून घेणाराही तोच. मिरची किती, लसूण किती, कांद्याची पात आधी की मागून, यावरून जिवलग मित्रांत धरलेले अबोले माझ्या माहितीत आहेत. कळण्याच्या पुऱ्या मात्र घरून बांधून आणलेल्या असतात. त्या कोणी लाटल्या, हा विषय भरीत पार्टीत कधी निघत नाही.

अशा मुलखात धुळ्याच्या माझ्या भाच्याने एका संध्याकाळी जाहीर केलं, "मी स्वयंपाक शिकायला जाणार. शॉर्ट कोर्स करणार." घरातला टीव्ही बंद झाला. देवपुरातल्या त्या घरात टीव्ही एरवी फक्त मयतीचा फोन आला तरच बंद होतो.

मुलगा बी.कॉम. झालेला, आग्रा रोडवर दाजींचं कापडाचं दुकान तयार, बसायला गादी तयार. "गल्ल्यावर बसायचं सोडून हा फोडणीवर बसणार," दाजी म्हणाले. त्याची आजी माजघरात लसूण सोलत होती. तिने मान वर न करता अहिराणीत विचारलं, "यामा काय शिकानं शे?" माझ्या बहिणीची काळजी निराळी. मुलगा आचारी आहे म्हटलं की स्थळ परत फिरतं, आणि शेफ आहे म्हटलं की पगार विचारतात. पगार ऐकून मग परत फिरतं. शेवटी अशा प्रसंगी सगळ्या घरांत जे होतं तेच झालं, "मामाला बोलवा" असं ठरलं. बँकेतून निवृत्त झालेल्या मामाचा खान्देशात एवढाच उपयोग उरतो. मी जळगावहून एरंडोल-पारोळा करत एस.टी.ने धुळ्याला पोहोचलो, तर दिवाणावर माहितीपत्रकांचा ढीग मांडून ठेवलेला.

माहितीपत्रकं वाचणं ही करमणूक आहे, वेळ असेल तर जरूर करावी. मुखपृष्ठावर सगळ्या मुलांच्या डोक्यावर उंच पांढऱ्या टोप्या, हाताची घडी, आणि कोणाच्याही अंगावर हळदीचा एक डाग नाही. डाग नसलेला आचारी बघितला की मला तरी जेवायची भीती वाटते. आत काय शिकवणार याची लांबलचक यादी: भारतीय, चिनी, थाई, इटालियन, बेकरी, चॉकलेट आणि व्यक्तिमत्त्व विकास. एवढं सगळं तीन महिन्यांत. आमच्याकडे नवी सून तीन महिन्यांत फक्त कोणाला किती तिखट लागतं एवढंच शिकून होते. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत 'शंभर टक्के प्लेसमेंट'. शंभर टक्के कशाचे, हे लिहिलेलं नसतं. फी तर कुठेच नाही. ती विचारायला फोन लावला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "सर, एकदा कॅम्पसला व्हिजिट द्या ना." ज्या वस्तूची किंमत फोनवर सांगत नाहीत ती आपल्याला परवडणारी नसते, हे दाजींचं कापड दुकानातलं तत्त्व इथेही लागू पडलं.

सरकारी वाटा त्या मानाने सरळ, फक्त त्यांची माहितीपत्रकं गुळगुळीत नसतात म्हणून ढिगात खाली जातात. दादरचं कॅटरिंग कॉलेज सगळ्यांना ऐकून ठाऊक असतं. ते १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने सुरू केलं. म्हणजे आज ज्या धंद्यात टोपीखाली बहुतेक पुरुषच दिसतात, त्याची शाळा बायकांनी काढलेली. देशात धान्याची टंचाई होती, लोकांना पोषणाचं काही कळावं म्हणून. अशा सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांमध्ये दहावीनंतरचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स असतो, त्यातले काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात राबायचं. आय.टी.आय.चा 'फूड प्रॉडक्शन' हा ट्रेड एका वर्षाचा. आणि २००९-१०च्या सुमारास केंद्राच्या पर्यटन खात्याने 'हुनर से रोजगार तक' नावाची योजना काढली, ती तर आठवी पास मुलांसाठी. त्यात रांधायला शिकायचं आठ आठवड्यांत आणि वाढायला शिकायचं सहा आठवड्यांत. दोहोंत फक्त दोन आठवड्यांचं अंतर ठेवणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याला माझा नमस्कार. त्याने नक्कीच कधीतरी लग्नाच्या पंगतीत वाढलेलं असणार.

सगळ्यात मजेदार म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने चालवायच्या, अठरा ते पंचेचाळीस वयाच्या मंडळींना राहण्या-जेवण्यासकट फुकट शिकवायचं. त्यांच्या यादीत पापड, लोणची आणि मसाले यांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण असतं. खान्देशात पापड शिकवायचे! जिथे उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, कांडून, तिचा घाटा शिजवून बायका पहाटे गच्चीवर ओल्या कापडावर बिबडे थापत असतात, तिथे हा वर्ग भरतो. मी बँकेत असताना मला या योजनेचं हसू यायचं. पण त्या वर्गात पापड लाटायला शिकवण्यात फारसा वेळ जात नाही. वेळ जातो तो शंभर पापडांना खर्च किती आला, पाकिटावर काय छापायचं, परवाना कुठून काढायचा आणि बँकेच्या साहेबासमोर कर्जाचा अर्ज न घाबरता कसा ठेवायचा, यात. घरात शिकवायला कोणी नसतं ते नेमकं इथे शिकवतात. माझ्या मते कोर्स निवडायची सगळी किल्ली इथेच आहे, आणि ती गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही.

भाच्याला हे मी समजावून सांगत होतो, तर त्याचं लक्ष गाजराकडे. त्याने मोबाइलवर बघून गाजराचे तीन-तीन मिलिमीटरचे चौकोन कापायला सुरुवात केली होती, बाजूला कंपासपेटीतली पट्टी ठेवून. याला फ्रेंच नाव आहे, 'ब्रुनवाझ'. काडीसारखे लांब कापले की 'ज्युलियन'. आजी बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, हे गाजर पोटात गेल्यावर चौकोनीच राहतं का? भाचा म्हणाला, "आजी, सगळे तुकडे सारखे असले म्हणजे सगळे एकदमच शिजतात. दोनशे ताटं वाढायची असली तर एकात कच्चं आणि एकात गाळ असं होत नाही." आजी गप्प झाली. पटल्याची तिची खूण म्हणजे तिने पुढची लसणाची पाकळी जरा निरखून चिरली.

मग स्वच्छतेचा धडा निघाला. शिजवलेलं अन्न एक तर साठ अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाही तर पाच अंशांच्या खाली गार. मधला सगळा धोक्याचा पट्टा, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. नियम उत्तम आहे. फक्त जळगावात मे महिन्यात हवाच पंचेचाळीसच्या घरात असते, म्हणजे नियमाप्रमाणे अख्खं शहर, महानगरपालिकेपासून फुले मार्केटपर्यंत, धोक्याच्या पट्ट्यात बसलेलं असतं. आणि त्याच महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त लग्नं. दुपारी एकच्या मुहूर्ताचं जेवण चारला वाढलं जातं, तोवर मठ्ठ्याचं पातेलं मांडवात पाहुण्यांइतकंच तापलेलं. दर वर्षी कुठल्या तरी लग्नात वऱ्हाड आजारी पडल्याची बातमी येते, आणि दर वर्षी दोष दिला जातो बासुंदीला. बासुंदी बिचारी स्वतःहून उन्हात जाऊन बसत नाही. एवढा एक धडा जरी मुलगा नीट शिकून आला, तरी फीचे पैसे वसूल, असं माझं मत आहे.

दाजींना हे काही पटलं नव्हतं. ते पटले शेवभाजीवर. भाचा सहज म्हणाला, कोर्समध्ये 'कॉस्टिंग' शिकवतात. एका प्लेटचा खर्च काढायचा, आणि विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहील असं बघायचं. दाजींनी चष्मा लावला. जुनं वर्तमानपत्र घेतलं, त्याच्या कोऱ्या कडेवर शेवभाजी मांडायला बसले. शेव इतकी ग्रॅम. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला. आलं-लसूण. तेल? इथे पेन थांबलं. शेवभाजीवर लाल तवंग किती हवा हे खान्देशात कोणी मोजत नाही. तो वाडग्याच्या कडेला लागला की पुरे. दाजींनी पळीने पाण्याचा अंदाज घेऊन, मग तेलाचा भाव लावून आकडा काढला आणि थक्क होऊन बसले. "अरे, धाब्यावाला तेलातच चाललाय की! वर कांदा-लिंबू फुकट. हा माणूस जगतो कसा?" गॅसचा खर्च, पोऱ्याचा पगार, मोडलेल्या ताटल्या हे तर अजून मांडायचंच होतं. ज्यांनी आयुष्यभर कापडाच्या एका मीटरमागे पैशा-पैशाचा हिशेब ठेवला, ते रोज जेवणाचा हिशेब 'अंदाजे' या एका शब्दावर सोडत आले होते. "हे शिकवतात तिथे?" त्यांनी विचारलं. "मग जाऊ दे त्याला." स्वयंपाकासाठी नाही, जमाखर्चासाठी मुलाला परवानगी मिळाली. खान्देशी व्यापाऱ्याच्या घरात कलेला दार असंच मागच्या बाजूने उघडतं.

'अंदाजे'ला मी वाईट म्हणत नाही. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ साली छापलं गेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र'मध्ये एक हजार पाकक्रिया दिल्या, आणि कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०चं. या सगळ्या काळात मराठी बायका तरीही चिमटीनेच मीठ घालत राहिल्या. 'रुचिरा' घराघरांत गेलं त्याचं एक कारण तर हेच, की कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यात सांगितली. घरचा स्वयंपाक चुकला तर घरचीच माणसं खातात आणि दुसऱ्या दिवशी बोलून दाखवतात. गिऱ्हाईक बोलत नाही. ते नुसतं परत येत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात भाच्याला मी जळगावला आमच्या एका मामींकडे घेऊन गेलो. मामी खापरावरचे मांडे करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसासोबत मांडे हवेत म्हणून लोक त्यांच्याकडे आधीच सांगून ठेवतात. मांड्यासाठी गहू ओलवून, वाळवून, दळून, त्याची वस्त्रगाळ सोजी करतात. ती भिजवून पीठ इतकं मळायचं, आपटायचं, की उचलल्यावर ते हातावरून ओघळू लागतं. त्या दिवशी मामींनी पीठ परातीत आपटलं, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाल्या, अजून नाही. पुन्हा आपटलं. तेव्हा आवाज बदलला म्हणे. मला काही वेगळं ऐकू आलं नाही, भाच्यालाही नाही. मग पुरण भरलेला उंडा त्यांनी आधी थोडा लाटला आणि उचलून दोन्ही हातांवर घेतला. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे अशी ती पोळी स्वतःच्या वजनाने पसरत गेली, इतकी पातळ की खालच्या बांगड्या दिसाव्यात. आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर एका झेपेत जाऊन पडली. कुठे फाटली नाही. पंखा बंद होता, कारण वाऱ्याने पोळी सुकते. आम्ही तिघेही घामाघूम.

"कोर्समध्ये शिकवतील का हे?" मामींनी विचारलं. भाचा म्हणाला, आठ आठवड्यांत नाही शिकवणार. मामी म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्षभर मला हातच लावू दिला नव्हता. नुसतं बघायचं."

मला मग माझ्यातला बँकवाला स्वस्थ बसू देईना. मी त्यांना सांगितलं, २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अशी सोय आहे की, ज्याला काम आधीच येतं त्याला परत शिकवत बसायचं नाही, थोडी ओळख करून द्यायची, परीक्षा घ्यायची आणि दाखला द्यायचा. मामींनी लक्षपूर्वक ऐकून घेतलं. मग विचारलं, "परीक्षा घेणाऱ्याला मांडे येतात का?" या प्रश्नाला योजनेच्या कागदपत्रांत उत्तर नाही. आमच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. डिसेंबर २०१८मध्ये विष्णू मनोहरांनी जळगावच्या सागर पार्कवर अडीच हजार किलो भरीत करून विक्रम केला, तेव्हा अख्खा जिल्हा बघायला लोटला होता. वांग्याजवळ दाखला आहे, केळीजवळ आहे, विक्रमाची नोंद आहे. मामींजवळ खापर आहे.

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मग कोर्स करण्यात अर्थच काय?" तरुण माणसांचं हे असं असतं, एक तर सगळं नाही तर काहीच नाही. मी त्याला अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्डची गोष्ट सांगितली. नवऱ्याची बदली पॅरिसला झाली म्हणून गेलेली ही बाई १९४९ साली, सदतिसाव्या वर्षी, तिथल्या 'ल कॉर्दाँ ब्ल्यू' या १८९५ पासूनच्या पाकशाळेत जाऊन बसली. वर्गात तिच्याबरोबर सगळे अमेरिकेचे माजी सैनिक. पुढे सगळ्या अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक तिनेच शिकवला. पाकशाळेने तिला शिस्त आणि पद्धत दिली. जिभेचं शिक्षण ती पॅरिसच्या बाजारात आणि खाणावळींत घेत राहिली. "तुझं जिभेचं शिक्षण झालंय," मी म्हणालो. "आजीने आणि धुळ्याच्या गाड्यांनी ते फुकट केलंय. आता फी भर ती हिशेबासाठी, सुरीसाठी, घड्याळासाठी. आणि तेच जेवण सलग तीनशे वेळा अनोळखी माणसासाठी तसंच्या तसं करायला." बोलता बोलता मीच जरा जास्त बोललो असं मला वाटलं, पण मामाला एवढी मुभा असते.

एक गोष्ट मात्र त्याला तिथेच स्पष्ट सांगितली. कुठलाही कोर्स करून बाहेर पडलं तरी मोठ्या हॉटेलात पहिली पायरी 'कोमी'चीच. म्हणजे स्वयंपाकघरातला सगळ्यात धाकटा. तो कांदे सोलतो, कोथिंबीर निवडतो, शिव्या खातो आणि सगळ्यांच्या मागून जेवतो. त्यामुळे लग्नाच्या बायोडेटात 'शेफ' लिहायची ताईने घाई करू नये. ताईने ऐकलं आणि 'हॉटेल क्षेत्रात' असं लिहिलं. आमच्या समाजात 'क्षेत्रात' या शब्दाला फार मान आहे.

शेवटी भाच्याने नाशिकचा एक छोटा कोर्स धरला. तिथे पंचवीस मुलांमागे एक शेगडी असा प्रकार नव्हता, प्रत्येकाला आपली स्वतंत्र शेगडी. मुलांना पहाटे भाजी बाजारात पाठवत आणि आणलेल्या भाजीचा हिशेब वहीत लिहून घेत. शेवटचा काही काळ हॉटेलात काम करायचं होतं. ही सगळी कारणं दाजींना सांगितली. खरं कारण त्याने मला नंतर सांगितलं: तो अचानक दुपारी जाऊन बसला, तेव्हा तिथले मुख्य सर स्वतः कढया घासत होते.

म्हणून तुमच्या घरातही असा एखादा निघाला असेल, तर माहितीपत्रक मागवून बसू नका. त्याला घेऊन दुपारी अडीचच्या सुमाराला, न कळवता, त्या संस्थेच्या स्वयंपाकघरात जा. मोरी बघा. कचऱ्याच्या डब्यात साल किती आणि भाजी किती ते बघा. मागच्या तुकडीतली दोन मुलं आज कुठे काम करतात ते विचारा आणि त्यांचे नंबर घेऊन त्यांनाच फोन करा. आणि जाताना उपाशी जा. मुलांनी त्या दिवशी रांधलेलं जेवण मागा. आनंदाने ताट वाढलं तर फीचं बोला. "आज नाही सर, फक्त डेमो होता" म्हणाले तर उठा आणि जवळच्या धाब्यावर जाऊन शेवभाजी खा.